सिंगापूरची दिवाळी आणि काकूंचं सोडियम

दिवाळीच्या आसपास आणि एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे एका ठरावीक प्रकारचे रुग्ण येतात. वय पासष्ट ते ऐंशी, पिशवीत जुन्या रिपोर्टांची फाईल, चेहऱ्यावर आनंद आणि थोडी धास्ती. "डॉक्टर, मुलाकडे चाललोय तीन महिने. बीपीच्या गोळ्या लिहून द्या, आणि सर्दी-ताप-जुलाबाच्याही थोड्या असू देत बरोबर." परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांनी काय काळजी घ्यावी, यावर लिहा असं वाचकांनीही अनेकदा सुचवलं होतं. गेल्या दिवाळीत मी आणि माझी पत्नी सिंगापूरला माझ्या शाळासोबत्याकडे आठ दिवस राहून आलो. तिथे जे पाहिलं त्यातून या विषयावर लिहिण्यासारखं बरंच मिळालं. त्यातला मुख्य भाग मित्राच्या आईचा आहे. त्या मायलेकांच्या परवानगीनेच लिहितो आहे.

फराळाचा डबा आणि औषधांची पिशवी

निघण्याच्या आठवडाभर आधी वहिनींचा फोन आला. "फराळ आणा, पण अनारसे आणू नका हं. खसखस चालत नाही इथे."

आपल्याला हे ऐकून हसू येतं, पण त्यात तथ्य आहे. खसखस हे अफूच्याच झाडाचं बी. बियांना मॉर्फिनचा अंश चिकटलेला असू शकतो, आणि अमली पदार्थांच्या बाबतीत सिंगापूरचे कायदे फार कडक आहेत. तिथे प्रवाशाने खसखस नेण्यास मनाई आहे. मसाल्याच्या डब्यातली खसखसही त्यात आली. गुटखा, खाण्याचा तंबाखू आणि ई-सिगारेट यांवरही बंदी आहे. च्युइंग गमची आयात १९९२ पासून बंद आहे. तंबाखू सोडण्यासाठी वापरतात तो निकोटिनचा गम मात्र २००४ पासून औषध म्हणून मिळू शकतो.

औषधांबाबतही असंच. रोजच्या गोळ्या स्वतःपुरत्या, साधारण तीन महिन्यांच्या, नेता येतात. पण झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची किंवा वेदनाशामक औषधं यांना तिथल्या हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीची आधी परवानगी लागू शकते. आपल्याकडे अनेक ज्येष्ठ वर्षानुवर्षं झोपेची गोळी घेतात आणि ती "औषध" म्हणून मोजतच नाहीत. अशा गोळीचं नाव निघण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर मुलांकडून तपासून घ्यावं.

गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या डबीत सोमवार ते रविवार असे कप्पे करून भरलेल्या गोळ्या घरी सोयीच्या असतात, पण परक्या देशात कुणी डॉक्टरने पाहिल्या तर त्यावरून काही कळत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो येणार आहे. इन्शुलिन आणि रोजची औषधं केबिन बॅगेतच असावीत. सामानाच्या कप्प्यात इन्शुलिन गोठलं तर ते निकामी होतं, आणि बॅग हरवली तर सगळंच गेलं.

घाम येतो, पण गारवा येत नाही

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरच्या आत आहे. उन्हाळा आणि हिवाळा असे वेगळे ऋतू नाहीत. दुपारी ३१-३२ अंश, पहाटे २४-२५ अंश, बाराही महिने. आपण म्हणू, सांगली-सोलापूरच्या माणसाला बत्तीस अंशांचं काय कौतुक! पण विमानतळाच्या दारातून बाहेर पडलं की अंगाला ओलं कापड गुंडाळल्यासारखं वाटतं. हवेत बाष्प खूप असतं.

आपलं शरीर थंड होतं ते घाम आल्यामुळे नाही, घाम वाळल्यामुळे. घामाचं पाण्यातून वाफेत रूपांतर होताना तो त्वचेची उष्णता घेऊन जातो. सोलापूरच्या कोरड्या हवेत घाम येतो आणि लगेच उडून जातो, कधी कधी आपल्याला कळतही नाही. दमट हवेत तो उडत नाही, नुसता ओघळतो. म्हणजे पाणी आणि मीठ दोन्ही खर्च होतात आणि गारवा काही मिळत नाही. शरीराला अशा हवेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून पहिले काही दिवस दुपारी फिरणं टाळावं, सैल सुती कपडे घालावेत.

उलट बाजूने, तिथली मेट्रो, मॉल, बस सगळीकडे वातानुकूलन इतकं कडक की पातळ शाल पिशवीत लागतेच.

काकू

आम्ही पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मित्राचं घर क्लेमेंटी भागात, सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर. सिंगापूरचे बहुसंख्य लोक अशाच इमारतींत राहतात.

मित्राची आई, आम्हा सगळ्यांच्या काकू, तीन आठवड्यांपूर्वीच सांगलीहून आल्या होत्या. वय ७८. काकांच्या मागे चार वर्षं त्या एकट्या राहतात. भिशी, भजनी मंडळ, बँकेची कामं, सगळं स्वतः. शाळेत असताना मी त्यांच्या हातचं निम्मं बालपण जेवलो आहे. दार उघडताच "आलास का रे वैद्यबुवा!" अशी हाक येईल असं मी धरून चाललो होतो.

काकू सोफ्यावर बसल्या होत्या. मला ओळखलं, हसल्या, पण थोड्या उशिराने. बोलताना मध्येच शब्द विसरत होत्या. "आज वार कुठला?" असं अर्ध्या तासात तीनदा विचारलं. ताटातलं दोन घास खाऊन "मळमळतंय" म्हणाल्या आणि भिंतीला हात लावत खोलीत झोपायला गेल्या. साडेसात वाजले होते.

जेवणं झाल्यावर मित्र मला कपडे वाळत घालायच्या छोट्या गॅलरीत घेऊन गेला.

"आईला डिमेन्शिया सुरू झालाय," तो म्हणाला. "मी सगळं वाचलंय. परवा गॅस बंद करायला विसरली. काल बाथरूममध्ये तोल गेला, लागलं नाही ते नशीब. आता तिला परत एकटीला पाठवणं शक्य नाही. सांगलीचं घर विकावं असं चाललंय डोक्यात. ताईशीही बोललोय. इथे कायमचं ठेवायचं, तर आम्ही दोघं दिवसभर कामाला. एखाद्या संस्थेचीही चौकशी केली मी." एवढं बोलून तो गप्प झाला. पन्नाशी ओलांडलेला, मोठ्या कंपनीत काम करणारा माणूस, पण डोळे भरून आले होते.

मी एवढंच विचारलं, "हे कधीपासून?"

"आठ-दहा दिवस झाले असतील."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी ठणठणीत! आल्या आल्या मेट्रोचं कार्ड कसं वापरायचं ते तिने एका दिवसात शिकून घेतलं होतं."

वाचकहो, या एका उत्तरात बरंच काही होतं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, महिन्या-वर्षांनी हळूहळू येतो. घरच्यांना मागे वळून पाहिल्यावर "अरे, दोन वर्षांपासूनच जरा फरक होता" असं आठवतं. मेट्रोचं कार्ड शिकणारी बाई दहा दिवसांत वार विसरू लागली, तर आधी शरीरात कुठे बिघाड झालाय का ते शोधायचं. वैद्यकशास्त्रात याला डिलिरियम म्हणतात. आपण त्याला अचानक आलेला गोंधळ म्हणू.

मी काकूंच्या गोळ्या मागितल्या. सुदैवाने त्या मूळ पाकिटात होत्या. काकूंना पूर्वी बीपीची एकच गोळी होती. तिने पायांवर सूज येऊ लागली म्हणून निघण्यापूर्वी दहा दिवस डॉक्टरांनी ती बदलून टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी जोडगोळी दिली होती. निर्णय योग्यच होता. ही गोळी लाखो लोक घेतात आणि बहुतेकांना चांगली मानवते. दोन आठवड्यांनी रक्त तपासायलाही सांगितलं होतं, चिठ्ठीवर तसं लिहिलेलं होतं. पण तोवर काकू सिंगापुरात होत्या.

दुसरा प्रश्न मी वहिनींना विचारला. काकू पाणी किती पितात?

वहिनींनी फ्रिजशेजारची लिटरची बाटली दाखवली. "इथे फार घाम येतो ना, म्हणून ह्यांनी नियमच केलाय. दिवसातून तीन बाटल्या. कधी चारही होतात. सकाळचं लिंबूपाणी वेगळं."

"मीठ घालून?"

"नाही, बीपी आहे ना. आल्यापासून मीठही कमीच केलंय त्यांचं."

"आणि खाणं?"

"चहा-बिस्किटं, थोडा मऊ भात. भूकच नाही म्हणतात."

मी काकूंना उठवून तपासलं. ताप नव्हता. मित्राच्या यंत्रावर साखर ठीक होती. चेहरा, हात, पाय कुठल्याही एका बाजूने कमजोर नव्हते. पण शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर त्या दुसऱ्या पायरीलाच थांबल्या. ज्या बाईने तीस वर्षं भिशीचा हिशेब पाहिला, ती.

"सकाळी नेऊ या का?" मित्राने विचारलं. रात्रीचे साडेदहा वाजले होते.

"नको, आत्ताच."

आमटीत पाणी जास्त झालं तर

माझा संशय सोडियम कमी झाल्याचा होता. हे नीट समजून घेऊ.

आपल्या रक्तात सोडियमचं प्रमाण लिटरमागे साधारण १३५ ते १४५ मिलिमोल असतं. सोडियम कमी झालं म्हटलं की लोकांना वाटतं, शरीरातलं मीठ संपलं. बऱ्याचदा तसं नसतं. आमटीत मीठ बरोबर पडलेलं असतं, पण वरून दोन वाट्या पाणी ओतलं की ती अळणी लागते. तसंच रक्ताचं होतं. मीठ जवळपास तेवढंच, पाणी जास्त.

एरवी आपलं मूत्रपिंड जादा पाणी सहज बाहेर टाकतं. तरुण, धडधाकट माणसाने तीन-चार लिटर पाणी प्यायलं तर तो चार वेळा जास्त लघवीला जातो, एवढंच. काकूंच्या बाबतीत तीन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या.

पहिली, गोळी. थायझाइड जातीची औषधं लघवीवाटे मीठ बाहेर टाकतात, म्हणूनच बीपी उतरतं. पण त्याच वेळी लघवी पातळ करण्याची मूत्रपिंडाची ताकदही ती कमी करतात. जादा पाणी बाहेर टाकायचा दरवाजा अर्धा बंद होतो.

दुसरी, पाणी. अर्ध्या बंद दरवाजावर रोज तीन-चार लिटरचा लोंढा.

तिसरी, खाणं. पाणी बाहेर टाकायला मूत्रपिंडाला सोबत थोडे क्षार आणि प्रथिनांपासून तयार होणारा युरिया लागतो. चहा-बिस्किटांवर राहणाऱ्या माणसाच्या शरीरात हेच कमी पडतात. त्यात घामातून मीठ गेलं ते वेगळंच.

वयस्कर, शिडशिडीत बांध्याच्या स्त्रियांमध्ये हा धोका सर्वांत जास्त असतो. काकूंचं वजन ४६ किलो.

रक्त पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. हातापायांच्या पेशी फुगल्या तर फारसं बिघडत नाही. पण मेंदू कवटीच्या पक्क्या डब्यात असतो, त्याला फुगायला जागा नाही. आधी मळमळ, डोकेदुखी, सुस्ती. मग तोल जाणं, गोंधळ. सोडियम आणखी घसरलं तर झटके येऊ शकतात, माणूस बेशुद्ध होऊ शकतो. सकाळपर्यंत न थांबण्याचं कारण हेच.

परक्या देशातला डॉक्टर

टॅक्सीत मी एका कागदावर इंग्रजीत दहा ओळी लिहिल्या: वय, आजार, जुनी गोळी, नवी गोळी, ती कोणत्या तारखेपासून, लक्षणं कधीपासून, पाणी किती, पडल्या कधी. सिंगापुरात नोंदणी नसलेल्या डॉक्टरला उपचार करता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तिथे मी फक्त पाहुणा. पण नीट लिहिलेली हकिगत कुणीही देऊ शकतं, त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही.

सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नर्सने आधी काकूंना तपासून निकड ठरवली. तो कागद वाचल्यावर तिने लगेच आत घेतलं. तासाभरात रक्ताचा रिपोर्ट आला. सोडियम ११८. तोल गेला होता म्हणून डोक्याचा सीटी स्कॅनही केला, तो निर्दोष निघाला. लघवीत संसर्ग नव्हता.

यानंतरचा उपचार नातेवाइकांना कधी कधी फार संथ वाटतो. "मीठ कमी आहे ना, मग भराभर चढवा की!" पण इथे घाई घातक ठरते. सोडियम दिवसांमागून दिवस कमी राहिलं की मेंदूच्या पेशी त्या परिस्थितीशी जुळवून घेतात. ते एकदम वाढवलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून २४ तासांत साधारण आठ ते दहाच्या वर जाऊ द्यायचं नसतं. काकूंची गोळी थांबवली, पाण्यावर मर्यादा घातली, सलाईन मोजून दिलं आणि दर काही तासांनी रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी १२४, तिसऱ्या दिवशी १२९.

घरच्या घरी मीठ-पाणी किंवा ओआरएस पाजून हा प्रकार दुरुस्त करायला जाऊ नये, तेही याचसाठी. जुलाबात ओआरएस अमृत आहे. इथे मात्र आधी रक्त तपासणी आणि मग डॉक्टर ठरवतील ते.

दवाखान्याच्या फेऱ्यांमध्ये दिसलेलं सिंगापूर

त्या तीन-चार दिवसांत पर्यटन असं काही झालं नाही. घर ते रुग्णालय एवढंच. पण तेवढ्यातही डॉक्टरच्या नजरेला भरपूर दिसलं.

शेजारच्या इमारतीपाशी लाल फलक लागला होता. त्या परिसरात डेंगीचे दहा किंवा त्याहून जास्त रुग्ण आहेत, असा त्याचा अर्थ. दहापेक्षा कमी असतील तर फलक पिवळा. इतका स्वच्छ देश, पण २०२० मध्ये तिथे डेंगीचे ३५ हजारांहून जास्त रुग्ण झाले होते. एडिस डासाला गटार लागत नाही, स्वच्छ पाणी लागतं. कुंडीखालची ताटली, बादली, झाकण नसलेला ड्रम त्याला पुरतो. तपासनीस घरोघर येतात आणि घरात डासांच्या अळ्या सापडल्या तर दंड होतो. काही भागांत वोलबाकिया नावाचे जिवाणू असलेले नर डास सोडतात. नर चावत नाहीत. त्यांच्याशी संयोग झालेल्या मादीची अंडी उबत नाहीत. आपल्याकडे हे होईल तेव्हा होईल, कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा घासून पुसणं आजही आपल्या हातात आहे. आणि अशा देशातून परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना प्रवासाबद्दल आवर्जून सांगा. डेंगीची शंका असेल तर पॅरासिटामॉलच घ्या, अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दुसरी गोष्ट कॉफीची. तिथे खाद्यगृहांच्या मोठ्या मंडईत, ज्याला हॉकर सेंटर म्हणतात, "कोपी" मिळते. साधी मागितली तर घट्ट गोड दूध आणि साखर घालून येते. "कोपी ओ" म्हणजे दूध नाही पण साखर आहे. "कोसोंग" जोडलं की साखर नाही. "सिऊ दाई" म्हटलं की साखर कमी. म्हातारे चिनी आजोबा ऐटीत "कोपी ओ कोसोंग" मागताना पाहून मला माझे मधुमेही रुग्ण आठवले. आपल्याकडे टपरीवर "बिनसाखरेचा" म्हटलं की आजूबाजूचे चारजण वळून पाहतात. सिंगापूर सरकारने २०१६ मध्ये मधुमेहाविरुद्ध युद्धच पुकारलं. डबाबंद पेयांवर ए ते डी अशी श्रेणी छापतात. १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर डी, आणि डी श्रेणीच्या पेयाची जाहिरात करता येत नाही.

आपल्यासाठी यात आणखी एक धडा आहे. त्याच शहरात, तेच पाणी पिऊन, त्याच मेट्रोत फिरून, चिनी वंशाच्या लोकांपेक्षा भारतीय वंशाच्या लोकांत मधुमेह जास्त आढळतो. आपल्या शरीरात चरबी पोटाभोवती आणि लवकर साठते. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांची याच विषयावर बैठक झाली, तीही सिंगापुरातच. आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की सावध व्हावं, असं त्यातून पुढे आलं. पाश्चात्त्य तक्त्यांत ही रेषा २५ ला आहे.

"लक्ष्मीपूजन झालं का?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही वॉर्डात गेलो. काकू उशाला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "अरे वैद्यबुवा, तू कधी आलास? आणि लक्ष्मीपूजन झालं का?"

"उद्या आहे, काकू."

"मग मला इथे कशाला ठेवलंय? पणत्या कोण लावणार?"

मित्र खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ वळला नाही.

पाचव्या दिवशी सोडियम १३३ झालं आणि काकू घरी आल्या. बिल मोठं होतं. परदेशी नागरिकाला तिथल्या सरकारी रुग्णालयातही सवलत मिळत नाही. पण मित्राने प्रवासी विमा काढताना आईचा रक्तदाब लपवला नव्हता, जुना आजारही त्यात धरला जाईल अशी पॉलिसी निवडली होती. त्यामुळे बहुतेक रक्कम मिळाली. विम्याच्या अर्जात आजार लपवू नका असं मी का सांगतो, ते यावरून लक्षात येईल.

घर विकण्याचा विषय पुन्हा निघाला, पण या वेळी काकूंसमोर निघाला. त्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "मी बरी नसताना माझ्या घराचं ठरवत होतात होय?" रागाने नाही म्हणाल्या, पण मित्राने मान खाली घातली. त्याची चूक नव्हती. त्याने जे केलं ते काळजीपोटी. पण हे औषधाने झालंय की वयाने, हे ठरण्याआधीच एका बाईचं घर, तिची भिशी, तिचं सगळं स्वातंत्र्य जाण्याच्या बेतात होतं. जानेवारीत त्या ठरल्याप्रमाणे सांगलीला परतल्या. बीपीची गोळी आता दुसऱ्या प्रकारची आहे. परतल्यावर तपासलेलं सोडियम १३८.

ज्येष्ठांना अचानक गोंधळ झाला तर काय तपासावं?

प्रत्येक गोंधळ सोडियमचाच असतो असं नाही. डिलिरियमची कारणं अनेक आहेत आणि त्यांतली बरीच बरी होण्यासारखी असतात:

- रक्तातली साखर फार कमी किंवा फार जास्त होणं
- लघवीचा किंवा छातीचा संसर्ग. वृद्धांना अशा वेळी ताप येतोच असं नाही
- नवं औषध: झोपेची गोळी, सर्दीची गोळी, खोकल्याचं औषध
- लघवी तुंबणं, तीव्र बद्धकोष्ठता
- पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साठणारं रक्त. हे काही आठवड्यांनीही लक्षात येतं
- पक्षाघात, हृदयविकाराचा झटका
- परकी जागा, अपुरी झोप, आणि चष्मा किंवा कानाचं यंत्र नसणं यांनीही गोंधळ वाढतो

डिमेन्शिया असलेल्या माणसालाही डिलिरियम होऊ शकतो. म्हणून "त्यांचं असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका. अचानक बदल म्हणजे तपासणी, हा नियम त्यांनाही लागू आहे.

निघण्यापूर्वी

१. प्रवासाच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. औषध बदलायचं असेल तर तेव्हाच बदलू द्या, म्हणजे रक्त तपासायला वेळ मिळेल.

२. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, ते विचारा. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड ही त्यातली नावं. अनेकदा गोळीच्या नावापुढे एच किंवा सीटी अशी अक्षरं असतात. असेल तर घाबरू नका आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका. फक्त सोडियम-पोटॅशियम कधी तपासायचं, ते विचारून घ्या.

३. पाणी किती प्यावं? सरसकट "भरपूर" नाही. तहान लागेल तसं आणि लघवी फिक्कट पिवळी राहील इतकं. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, म्हणून ज्येष्ठांना अधूनमधून विचारावं. पण बाटल्यांचा कोटा ठरवून देऊ नये. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

४. जेवण टाळून फक्त चहा-बिस्किटांवर दिवस काढू नका. वरण, ताक, अंडं, जे चालत असेल ते रोज पोटात जायला हवं.

५. आजार, औषधं, मात्रा, अ‍ॅलर्जी आणि अलीकडे झालेले बदल असा एक कागद इंग्रजीत लिहून पासपोर्टबरोबर ठेवा.

६. त्या देशाचा रुग्णवाहिकेचा क्रमांक फ्रिजवर चिकटवा. सिंगापूरचा ९९५ आहे.

आणि मुलांसाठी एक. आई-बाबा आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यांचं बोलणं, चालणं, खाणं कसं आहे ते लक्षात ठेवा. पुढे काही बदललं तर डॉक्टर सर्वांत आधी हेच विचारतात: हे कधीपासून? काकूंच्या बाबतीत निदानाची दिशा त्या एका उत्तराने ठरली, आणि ते उत्तर मुलाकडेच होतं.